चकलीचा उपास

फ्रीजरमध्ये, आईस्क्रीमच्या डब्यात,
पाच उंदीर. पांढरे, गोठलेले, एकाला एक चिकटून.
डब्यावर पट्टी लावून मी लिहिलंय : खोत.
बहिणीच्या नातवानं चुकून उघडू नये म्हणून.

खोत माझा पेइंग गेस्ट. वेंगुर्ल्याचा.
वडिलांना बघून येतो म्हणाला, चार दिवसांत.
तिसरा महिना चालू आहे.
खोली तशीच, भाडं वेळेवर,
आणि काचेच्या पेटीत ही चकली.
जात आफ्रिकेतल्या अजगराची,
पण लांबीला माझ्या पदराएवढीही नाही.
कागदपत्रं रीतसर. रंग भाजणीचा.
वेटोळं घालून बसते, म्हणून नाव.

दर शुक्रवारी एक उंदीर.
पिशवीत घालून कोमट पाण्यात सोडायचा,
मग मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघायचा,
बाळाचं दूध बघतात तसा.
चिमट्यात धरून जरा नाचवायचा.
माझ्या हातून हे होईल असं
टेलिफोन खात्यात कुणी म्हटलं असतं
तर मी त्याची लाइनच कापली असती.

या खेपेला तिनं तोंड फिरवलं.
अंग मळकट, घासायच्या राहिलेल्या पातेल्यासारखं.
डोळ्यांत निळसर दूध.
मी उंदीर हलवला. पुन्हा हलवला.
घे गं. एवढा एकच.
ती हवेवरच धावून गेली,
काचेवर नाक आपटलं,
आणि उलट्या कुंडीखाली जाऊन बसली.

खोतचा फोन : काकू, कात टाकायला आलीय ती.
काही देऊ नका. पाणी ठेवा, ओला टॉवेल ठेवा.
आठ-दहा दिवस.
उपाशी? मी म्हटलं.
तिला नकोच असतं, काकू.

पेपरात रोज असतं,
अमुक चौकानं कात टाकली, तमुक मंडईनं टाकली.
रंग दिला, फरशी बसवली की झालं यांचं.
एकदा बिबवेवाडीत येऊन बघा म्हणावं.
आधी दिसेनासं होतं.
मग घास नकोसा होतो.
कुणी हात लावला तर त्याचीही भीती वाटते.

उंदीर वाया गेला. वितळलेला परत गोठवत नाहीत.
सोसायटीच्या कढीपत्त्याखाली पुरला.
रणदिवेबाईंनी गॅलरीतून विचारलं, काय लावताय?
म्हटलं, बघू काय उगवतंय.

ह्यांनीही असंच तोंड फिरवलं होतं,
त्या फेब्रुवारीत.
मऊ भात, मेतकूट, वर तूप.
मी चमचा घेऊन उशाशी.
हा काऊचा, हा चिऊचा,
चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला.
ओठ मिटलेले. चमच्यानंच उघडले मी.
भात गालात तसाच राहिला रात्रभर.
सकाळी बोटानं काढला.

हे कुणाला सांगितलेलं नाही.
चकलीला सांगितलं, टॉवेल भिजवता भिजवता.
सापाला कान नसतात म्हणतात, म्हणून.

सातव्या दिवशी डोळे निवळले.
नवव्या रात्री खसखस ऐकू आली,
कुणी पतंगाचा कागद उलगडत असल्यासारखी.
मी उठले नाही.
सकाळी कुंडीच्या काठाला कात, सबंध,
मोज्यासारखी उलटी,
डोळ्यांवरच्या दोन चकत्यांसकट.
जुन्या डिरेक्टरीत ठेवली आहे,
जिच्यातले बहुतेक नंबर आता लागत नाहीत.

आज शुक्रवार.
पाणी कोमट झालं, मनगटाला विचारून झालं.
खोतचा मेसेज : खाल्लं का तिनं?
अजून उत्तर दिलेलं नाही.

पेटीचं झाकण सरकवलंय.
ती आहे, कुंडीतून अर्धी बाहेर, नवी, ओल्या खडीसाखरेसारखी चकाकत.
चिमटा मी पुढे धरलाय.
हलवत नाहीये.